ओट्समधलं कामाचं काय आणि नुसतं नावाचं काय

ओट्स खाल्ल्याने कोलेस्टेरॉल कमी होतं हे खरं आहे. पण किती कमी होतं, कोणाचं होतं आणि त्यासाठी रोज किती ओट्स खावे लागतात, हे पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक छापलेलं नसतं. तिथे लाल बदामाचं चित्र असतं, दुधात उडी मारणारी स्ट्रॉबेरी असते. मग घरोघरी दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणजे चांगलंच असणार. दुसऱ्याचं म्हणणं, हे सगळं परदेशी खूळ आहे, ओट्सने उलट साखर वाढते, आणि मुळात ते घोड्याचं खाणं.

घोड्याचा मुद्दा आधी निकालात काढू. आपल्याकडे ओट हे रब्बीतलं चारापीकच आहे. दूधधंदा करणाऱ्या शेतकऱ्याला 'केंट' हे वाण माहीत असतं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले हरिता' माहीत असतं. पीक हिरवं असतानाच कापून गाई-म्हशींपुढे टाकतात. पण ज्वारीचा कडबा आणि मक्याचा मुरघासही जनावरंच खातात, म्हणून आपण भाकरी टाकून दिलेली नाही. जनावर काय खातं त्यावरून माणसाच्या पोटाचं काही ठरत नाही.

एका वाडग्यात असतं काय ते पाहू. एका माणसाच्या नाश्त्याला साधारण ४० ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या वाटीने पाऊण वाटी. त्यात सुमारे १५० कॅलरी, २७ ग्रॅम कर्बोदकं, ५ ग्रॅम प्रथिनं, ३ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि ४ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. बरा नाश्ता आहे, पण डोळे दिपावेत असं त्यात काही नाही.

'फायबरसाठी ओट्स खा' हे वाक्य तर आपल्या पिठाच्या डब्याशेजारी उभं केलं की फिकंच पडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण १० ग्रॅम, बाजरी आणि नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास, आणि कोंडा न काढलेल्या कणकेतही ११ च्या आसपासच. ओट्समध्ये? १० ग्रॅम. लोह बाजरीत ओट्सपेक्षा जास्त. कॅल्शियमच्या बाबतीत नाचणीच्या जवळपासही ओट्स जात नाहीत. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, ओट्समध्ये पन्नासच्या घरात. प्रथिनांत मात्र ओट्स पुढे आहेत, १३ ग्रॅम किंवा थोडं जास्त, तर ज्वारीत १०. म्हणजे पोषणाच्या सरळ तुलनेत ओट्स हे एक चांगलं धान्य आहे, इतकंच. सालासकट खाल्लेली बहुतेक धान्यं अशीच चांगली असतात.

तरीही जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ नेमके ओट्सचंच नाव का घेतात? कारण तंतू सगळे सारखे नसतात. ज्वारी-बाजरीतले बरेचसे तंतू पाण्यात विरघळत नाहीत. ते पोटातून जसेच्या तसे पुढे सरकतात आणि सकाळी पोट साफ व्हायला मदत करतात. ओट्समध्ये असेही तंतू असतात, पण त्याशिवाय बीटा-ग्लुकन नावाचा एक विरघळणारा तंतू भरपूर असतो, वजनाच्या साधारण चार टक्के. तो दाण्याच्या पेशींच्या भिंतींत असतो आणि पाणी लागलं की तिथून सुटून फुगतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. एका पातेल्यात ओट्स आणि तिप्पट-चौपट पाणी घालून मंद आचेवर ठेवा, मीठ-मसाला काही नको. पहिली दोन मिनिटं पापुद्रे नुसते खाली-वर होत राहतात आणि पाणी पाण्यासारखंच राहतं. मग कडेने बारीक पांढरा फेस धरतो आणि पळी फिरवताना हाताला किंचित ओढ जाणवते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला पळी उचलून पाहा. थेंब सुटा पडत नाही, तार धरून खाली येतो. नुसता घट्टपणा तांदळाच्या पेजेलाही येतो, तो पिष्टाचा असतो. ही तार आणि हा बुळबुळीतपणा मात्र बीटा-ग्लुकनचा. 'शी, किती बुळबुळीत' म्हणून ज्याच्यासाठी लोक ओट्स बाजूला सारतात, कोलेस्टेरॉलवर तेवढंच काम करतं. ओट्सच्या बाजूने आणि विरोधात जे काही बोललं जातं, त्यातलं बहुतेक या एका गोष्टीवर घासून पाहता येतं: खाल्लेल्या पदार्थात हा बुळबुळीतपणा शिल्लक आहे का, आणि पुरेसा आहे का.

पोटात गेल्यावर तो करतो काय? आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. जेवणातलं तेल-तूप पचवायला ती लहान आतड्यात सोडली जातात. काम झालं की शरीर ती फेकून देत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे ९५ टक्के परत शोषली जातात आणि यकृताकडे जातात. पुन्हा वापर, पुन्हा शोषण, दिवसातून कितीतरी वेळा. शरीर यात फार काटकसरी आहे. आतड्यात बीटा-ग्लुकनचा चिकट थर असला की यातली काही पित्ताम्लं त्यात अडकतात, परतीच्या वाटेला लागत नाहीत आणि शौचावाटे बाहेर पडतात. तूट भरून काढायला यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात. त्यासाठी कच्चा माल हवा, म्हणजे कोलेस्टेरॉल. तो यकृत रक्तातून उचलतं, आणि तेही मुख्यतः एलडीएलमधून, ज्याला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो. एलडीएल कमी होतं ते असं. ओट्स रक्तवाहिन्या 'साफ' करतात वगैरे जे फिरतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ओट्स रक्तात जाऊन काही घासत नाहीत. सगळा व्यवहार आतड्यात होतो.

रिपोर्टमधले बाकीचे आकडे, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि एचडीएल ('चांगलं कोलेस्टेरॉल'), ओट्सने फारसे हलत नाहीत. ट्रायग्लिसराइड्स २५० आहेत म्हणून कोणी ओट्स सुरू करत असेल, तर त्याने आधी साखर, मैदा आणि दारूकडे पाहावं.

आता किती, ते. २०१४ मध्ये २८ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. रोज किमान ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं, असं दिसलं. म्हणजे रिपोर्टवर १५० असेल तर १४०. हे कमी आहे का? एकट्या माणसाला कमी वाटेल. आहारातल्या एकाच पदार्थासाठी ते वाईट नाही. पण कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टर देतात ती स्टॅटिनची गोळी एलडीएल ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणते, म्हणजे १५० चं शंभरच्या आसपास किंवा खाली. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, अँजिओप्लास्टी झालीय किंवा डॉक्टरांनी स्पष्ट सांगून गोळी लावलीय, त्यांनी 'मी आता ओट्स खातो, गोळी बंद केली' हे करू नये. हा हिशोब कुठल्याच बाजूने जुळत नाही.

आणि ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन म्हणजे किती ओट्स? ६० ते ८० ग्रॅम, कोरडे. दीड वाटीच्या आसपास, आणि रोज. पाऊण वाटीच्या नाश्त्यात अर्धं काम होतं. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर ओट्स टाकले, लाडवात दोन चमचे घातले, तर चव बदलते, कोलेस्टेरॉल नाही. हे कटू आहे, पण 'ओट्सयुक्त' बिस्किटांचा सगळा बाजार या एका आकड्यावर कोसळतो. अशा पुड्याच्या मागची घटकांची यादी वाचा. भारतात ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. बहुतेक वेळा पहिल्या जागी मैदा किंवा गव्हाचं पीठ, मग साखर, तेल, आणि ओट्स कुठेतरी मागे टक्केवारीसह. जे थोडं बीटा-ग्लुकन त्यात असतं तेही दळताना-भाजताना तुटलेलं असू शकतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हेच तपासलं होतं: बीटा-ग्लुकनचे रेणू लांब राहिले तर एलडीएल उतरलं, प्रक्रियेत त्यांचे बारीक तुकडे झाले तर परिणाम जवळपास निम्म्यावर आला. रेणू तुटला की चिकटपणा जातो आणि चिकटपणा गेला की काम जातं.

ओट्सच्या कीर्तीचा इतिहासही याच चढ-उताराचा आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी ओट ब्रॅन, म्हणजे ओट्सचा कोंडा, याचं असं वेड पसरलं की बटाट्याच्या चिप्सवरही त्याचं नाव झळकू लागलं. मग जानेवारी १९९० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बॉस्टनच्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला. २० निरोगी माणसं. काही आठवडे ओट ब्रॅन, काही आठवडे तंतू काढलेला गहू. दोन्ही वेळा कोलेस्टेरॉल जवळपास सारखंच उतरलं. संशोधकांचा अर्थ असा, की ओट ब्रॅनमध्ये जादू नाही. पोट या पदार्थांनी भरल्यावर लोकांनी लोणी-मांस-अंडी कमी खाल्ली, म्हणून आकडा उतरला. बाजार बसला. त्या अभ्यासातल्या लोकांचं कोलेस्टेरॉल मुळातच कमी होतं, माणसंही मोजकी होती, आणि नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ओट्सचा स्वतःचा असा परिणाम दिसलाच. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पाकिटावर हृदयविकाराबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन या अटीवर. ती मागणारा अर्ज ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेच केला होता, हेही लक्षात असू द्यावं.

पण १९९० च्या अभ्यासाने विचारलेला प्रश्न अजून जिवंत आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा आहे: ओट्स कशाच्या जागी खाताय? सकाळी बटर लावलेला पाव, खारी, चहात बुडवलेली चार बिस्किटं किंवा कोपऱ्यावरचा वडापाव, यांच्या जागी साधे ओट्स आले तर फायदा होणारच. त्यातला निम्मा ओट्समुळे आणि निम्मा वडापाव गेल्यामुळे. पण सकाळी ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाणाऱ्या घराने ते सोडून दुधातले गोड ओट्स धरले, तर ती प्रगती नव्हे. उसळीतली प्रथिनं गेली, कडधान्यातले विरघळणारे तंतू गेले, साखर आली आणि खर्च कितीतरी वाढला. आपल्याकडच्या पाकिटांतले बरेच ओट्स ऑस्ट्रेलियाहून येतात. ज्वारी सोलापूरहून येते.

मधुमेह आणि ओट्स

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. दंडावर ग्लुकोजचा सेन्सर लावलेली माणसं ओट्स खाऊन आलेखाचा फोटो टाकतात आणि खाली लिहितात, 'बघा, आरोग्यदायी म्हणे!' आलेख खरा असतो. ओट्समध्ये दोन-तृतीयांश कर्बोदकं आहेत. ती खाल्ल्यावर साखर वाढणारच, भाताने वाढते तशीच. प्रश्न किती आणि किती वेगाने, एवढाच.

वेग ठरतो तो दाण्याचं काय केलं आहे त्यावर. सगळे ओट्स आधी वाफवलेले असतात. या धान्यात स्निग्धांश गव्हापेक्षा बराच जास्त असतो. वाफवलं नाही तर दाण्यातलं विकर (एन्झाइम) त्या तेलाची मोडतोड करतं आणि काही दिवसांत खवट वास येतो. (म्हणून रात्री भिजवून न शिजवता खाल्लेले ओट्सही पूर्ण कच्चे नसतात. आणि म्हणूनच कोकणातल्या पावसाळ्यात उघडं पाकीट तसंच ठेवलं तर महिन्याभरात वास घेऊन बघावं लागतं.) वाफवल्यावर दाणा नुसताच दोन-तीन तुकड्यांत कापला की स्टील-कट ओट्स, दिसायला दलियासारखे, शिजायला वीस-पंचवीस मिनिटं. अख्खा दाणा रुळाखाली चपटा केला की रोल्ड ओट्स. आधी तुकडे करून मग पातळ चपटे केले की क्विक, आणि त्याहून बारीक, जवळजवळ शिजवूनच वाळवलेले म्हणजे इन्स्टंट. धान्य एकच. पण ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते ते सांगणारा आकडा, पाहिला तर स्टील-कट आणि जाडे रोल्ड ओट्स ५५ च्या आसपास येतात, तर इन्स्टंट ७५ च्या आसपास, म्हणजे पांढऱ्या पावाच्या शेजारी. गरम पाणी ओतून दोन मिनिटांत तयार होणारी गोडाची पुडी मधुमेही माणसाने ओट्स म्हणून खाऊ नये. तिला गोड खाऊच समजावं.

जाड्या ओट्सबद्दलही एक गोष्ट पाकिटावर येत नाही. जेवणानंतरची साखर कमी चढते असा दावा करायचा तर युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेच्या मते दर ३० ग्रॅम कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकन हवं. साध्या ओट्समध्ये ते दोन-सव्वादोन ग्रॅम भरतं. म्हणजे कोलेस्टेरॉलसाठी दीड वाटीने जमतं, पण साखरेसाठी कितीही वाट्या खाल्ल्या तरी प्रमाण तेच राहतं, उलट कर्बोदकंच वाढतात. ओट ब्रॅन थोडं वर मिसळलं तर गणित सुधारतं, कारण कोंड्यात बीटा-ग्लुकन जास्त असतं. नाहीतर ओट्सचं प्रमाण पाऊण वाटीवरच ठेवून सोबत अंडं, पनीर, मोड आलेले मूग किंवा शेंगदाणे घ्यावेत. गंमत म्हणजे इन्सुलिन सापडण्याच्या आधी, १९०३ च्या सुमाराला, जर्मनीतले मधुमेहतज्ज्ञ कार्ल फॉन नूर्डेन आपल्या रुग्णांना काही दिवस ओट्स आणि लोणी यांवरच ठेवत, आणि त्यांच्या लघवीतली साखर कमी होई. त्याचा अर्थ आज लोण्यात शिजवलेले ओट्स खावेत असा मात्र काढू नये.

घरी ग्लुकोमीटर असेल तर वाद घालत बसायची गरज नाही. एक दिवस नेहमीचे पोहे, एक दिवस साधे ओट्स, एक दिवस भाकरी-उसळ. प्रत्येक वेळी पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा. दोन माणसांचे आकडे एकाच वाडग्यावर वेगळे येतात.

वजनाचं म्हणाल तर बुळबुळीत लापशी पोटातून सावकाश पुढे जाते, म्हणून भूक जरा उशिरा लागते. त्यापलीकडे ओट्समध्ये चरबी वितळवणारं काही नाही. आणि वाडग्यात बाकी काय पडतं ते मोजावं. ओट्सच्या १५० कॅलरी. गाईचं दूध पेलाभर, १३०. एक केळं, १००. मोठा चमचाभर मध, ६०. मध नैसर्गिक असला तरी शरीरासाठी साखरच. वर मूठभर बदाम-काजू, १७०. झाल्या सहाशेच्या वर. दुपारच्या जेवणाइतका ऐवज 'हलका नाश्ता' म्हणून गेला, आणि त्यातल्या जेमतेम पाव कॅलरी ओट्सच्या.

मसाला ओट्स या भानगडीत साखर फारशी नसते, पण मीठ असतं. पुडी उलटी करून 'सोडियम' ही ओळ शोधा आणि आकड्याला अडीचने गुणा. तेवढं मिलिग्रॅम मीठ. समजा सोडियम ५०० लिहिलंय, तर ते सव्वा ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला ५ ग्रॅम मीठ पुरे म्हणते, म्हणजे पाव कोटा एका पुडीत संपला, आणि अजून लोणचं, पापड, आमटी बाकीच आहे. रक्तदाब असलेल्यांनी तरी हे पाहावं. आकडा 'दर १०० ग्रॅम'चा आहे की 'दर पुडी'चा, तेही बघा. साधे ओट्स आणून आपल्या फोडणीत घातले की ही कटकटच उरत नाही.

कोणी जपून खावेत

सीलियाक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला सोसत नाही असा आजार, असलेल्यांनी सगळ्यात आधी. ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पण शेतात, गोदामात आणि गिरणीत ते गहू-जवासोबत फिरतात आणि पुरेसं ग्लुटेन सोबत घेऊन येतात. भारतात 'ग्लुटेन-फ्री' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. तसं लिहिलेलं नसेल तर साधं पाकीट सीलियाकच्या रुग्णाने घेऊ नये. थोड्या जणांना ओट्सचं स्वतःचं प्रथिनही सोसत नाही, म्हणून सीलियाक असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, आणि तंतूंनी भरलेला नाश्ता लगेच पाठोपाठ गेला तर ते नीट शोषलं जात नाही. गोळी आणि ओट्स यांत निदान अर्धा तास, शक्यतो एक तास जाऊ द्यावा. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, तिथे कारण फायटेट. हे ओट्ससह सगळ्याच धान्यांत असतं आणि लोह-जस्त अडवून ठेवतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर ओट्सवर लिंबू पिळा आणि चहा तासभर पुढे ढकला. लिंबाने लोह शोषायला मदत होते, चहाने अडतं.

ज्यांच्या आहारात आजवर तंतू कमी होते त्यांनी पहिल्याच दिवशी दीड वाटी खाल्ली तर पोट फुगणार, गॅस होणार. मोठ्या आतड्यातले जिवाणू बीटा-ग्लुकन आंबवतात, त्यातून आतड्याच्या अस्तराला उपयोगी आम्लं बनतात आणि सोबत वायूही. दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून पंधरा दिवसांत वाढवत न्या, पाणी पीत राहा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम आणि फॉस्फरसचा हिशोब आधी आहारतज्ज्ञांकडून करून घ्यावा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ओट्सची पातळ लापशी चालते, मध मात्र अजिबात नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

ग्लायफोसेट या तणनाशकाचे अंश ओट्समध्ये सापडतात ही बातमी अधूनमधून व्हॉट्सअॅपवर येते. अंश सापडतात हे खरं, विशेषतः जिथे कापणीआधी पीक सुकवायला ते फवारतात तिथल्या मालात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. युरोप-अमेरिकेच्या नियामकांनी मात्र अन्नातल्या अंशांपासून तसा धोका मानलेला नाही. एवढ्यासाठी ओट्स सोडावेत असं मला वाटत नाही. रोज एकच धान्य खायचं नाही, यासाठी हे कारण पुरेसं आहे.

ज्यांना ओट्सची चवच चालत नाही, त्यांनी स्वतःवर जुलूम करू नये. हेच बीटा-ग्लुकन जवात तितकंच किंवा जास्त असतं, आणि अमेरिकेने हृदयविकाराचा तोच दावा पुढे जवालाही दिला. कणकेत जवाचं पीठ मिसळून पोळ्या छान होतात. जव शिजवून ताकात, वरून जिऱ्याची फोडणी, उन्हाळ्यात याहून बरं काही नाही. इसबगोलचा तंतू वेगळा, पण काम त्याच चिकटपणाने करतो. तोही एलडीएल कमी करतो आणि तो तर आजोबांच्या कपाटात आधीपासून आहे. भरपूर पाण्यासोबत घ्यायचा, कोरडा कधीच नाही.

ओट्सच खायचे तर दुधा-साखरेच्या वाटेला न जाता ताकातल्या उकडीसारखे करा. तेलात मोहरी, हिंग, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता; त्यात आंबट ताक आणि पाणी, हळद, मीठ; उकळी फुटली की जाडे रोल्ड ओट्स वैरून मंद आचेवर आठ मिनिटं. आंबटपणात बुळबुळीतपणा जिभेला खुपत नाही, आणि आतड्यापर्यंत तो तसाच पोचतो. पराठे-डोश्यांसाठी ओट्सचं पीठ करण्यापेक्षा हे बरं, कारण बारीक पीठ लवकर पचतं आणि साखर लवकर चढते.

कोलेस्टेरॉलसाठी सुरू केले असतील तर लिपिड प्रोफाइल दीड-दोन महिन्यांनी पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. दरम्यान तेल-तूप, चालणं आणि गोळ्या होत्या तशाच ठेवा, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही. एकाच माणसाचं एलडीएल काहीही न करताही दोन तपासण्यांत पाच-दहाने इकडेतिकडे होतं, त्यामुळे १५० चं १४२ झालं म्हणून पेढे वाटू नका आणि १५३ झालं म्हणून पाकीट फेकू नका. आणखी दोन महिन्यांनी तिसरा रिपोर्ट घ्या, मग तिन्ही शेजारी ठेवून बघा.